रिळावरचं बोट

जयपूरच्या आदर्श नगरातला तो टेप दुरुस्त करणारा टेपवाला गिऱ्हाइकाशी कमी आणि यंत्राशी जास्त बोलतो. माझ्या वडिलांचा रिळांचा टेपरेकॉर्डर त्यानं उघडला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि यंत्रालाच विचारलं, "बाईसा, ये किसने किया?"

मीच केलं होतं. फीत ओढणारं रबरी चाक कुरकुरत होतं, म्हणून मी त्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं होतं. आता फीत घसरून पळायची आणि वडील चिमणीसारखे बोलायचे. आई दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतणार होती, आणि वडिलांमागे उरलेली त्यांच्या आवाजाची ही एकच फीत ऐकायला ती माझ्याकडे आली होती.

त्यानं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "साहब, इंजीनियर हैं?"

"हो. मतलब, हाँ."

"तभी."

नवं चाक यायला आठवडा लागणार होता. "माँजी को यहीं ले आइए," तो म्हणाला.

आईला स्टुलावर बसवून त्यानं फीत सुरू केली आणि फिरत्या रिळावर बोट टेकवलं. वेग उतरला. वडील स्वतःच्या आवाजात विनोद सांगू लागले आणि तो संपायच्या आत नेहमीसारखे स्वतःच हसत सुटले. मराठीचा गंध नसलेला टेपवालाही हसू लागला. त्याचं बोट थरथरलं, तसं वडिलांचं हसू वर-खाली हेलकावलं आणि आम्ही तिघं आणखीच खो खो हसलो.

"बोट काढू नका हो भाऊ!" डोळे पुसत आई मराठीतच ओरडली.

त्याला शब्द कळला नसावा. पण फीत संपेपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.