बेचा पाढा आणि पपईचा चीक

माझ्या लिहिण्यात चुका फार सापडतील आणि अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सुरू करता येत नाही.

शहराच्या टोकाला नंदनवनकडे तेव्हा शेतंच जास्त होती. त्याच्याही पुढे पपईच्या संशोधनाचा मळा होता. मी शहरातल्या महाल वस्तीतून तिथे रोजीवर जायची. सकाळी कच्च्या फळांवर पात्याने बारीक रेघा मारायच्या आणि टपकणारा चीक काचेच्या भांड्यात धरायचा. त्या चिकाने बायांच्या बोटांची सालं निघायची. पगाराच्या दिवशी कोणाचा अंगठा नीट उमटत नसे आणि बाबू चिडायचा. मी सही करायची. ते पाहून मळ्यावरच्या साहेबांनी मला आत नोंदी लिहायला घेतलं.

चिकात दूध फाडणारं द्रव्य असतं, त्याला विकर म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं. औषधासाठी त्यांना ते अधिक जोरदार हवं होतं. बियांना कसलेतरी किरण दिलेले होते, त्यामुळे प्रत्येक झाड थोडं वेगळं निघालं होतं. ज्याच्या चिकाने दूध लवकर फाटेल त्याचं बी धरायचं, बाकीची तोडायची, आणि पुढच्या पिढीत पुन्हा तेच. निवडायचं काम मला घरचंच वाटलं. तांदूळ निवडतोच की आपण.

कोमट पाण्यात दुधाची नळी धरायची, चिकाचा थेंब सोडायचा, घड्याळाचा खटका दाबायचा, दूध फाटलं की पुन्हा दाबायचा आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. शेवटची दहा झाडं राहिली असताना ते घड्याळ माझ्या हातून पाण्यात पडलं आणि बंद झालं.

शेजारी नळ्या धुणारी मावशी म्हणाली, "काहून वं, थांबली काहून तू?"

"घड्याळ बंद पडलं, मावशी."

"मंग अंदाजानं लिहून टाक. झाड थोडीच सांगाले येणार हाय साहेबाले!"

अंदाजाने लिहायला मन होईना. मग मी पाढा म्हटला. बे एके बे, बे दुणे चार. पाढ्याची एक ओळ म्हणजे एक सेकंद. दहाही झाडं तशीच लिहिली आणि घड्याळ पदरात बांधून घरी नेलं. नोकरी जाईल, ही एकच भीती होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या नोंदींवरून चांगल्या झाडांना लाल पट्टे ओढले. माळी दुसऱ्या टोकाकडून तोडत निघाला. कुऱ्हाडीचा आवाज आत येत होता. प्रत्येक घावाला वाटायचं, आता माझ्या दहांपैकी एखाद्याची पाळी. शेवटी उठले. पदरातलं घड्याळ सोडून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे कधी झालं?"

"काल. शेवटची दहा झाडं मी पाढा म्हणून मोजली."

"कुठला पाढा?"

"बेचा."

साहेब हसले नाहीत. आधी माळ्याला थांबवायला माणूस धाडला, मग मनगटावरचं घड्याळ काढलं. "चला. मी घड्याळ बघतो, तुम्ही पाढा म्हणा. मोठ्याने."

मावशी पुटपुटली, "रोज मुकी असते, अन् आज पाहा!"

दहाही झाडांचा ताजा चीक आणून पुन्हा मोजला; नऊ झाडांचे आकडे नोंदींशी जवळपास जुळले. उरलेल्या एकाचा मात्र चुकला होता. घड्याळ पडल्याबरोबर मोजलेलं ते पहिलं झाड. भीतीने मी पाढा घाईघाईने म्हटला होता, म्हणून आकडा फुगला आणि झाड मंद ठरलं. खरं तर त्याच्यासारखं दूध कोणीच फाडत नव्हतं. ते तोडायच्या यादीत होतं.

साहेबांनी स्वतः त्याला लाल पट्टा ओढला. "घड्याळाची किंमत मात्र पगारातून हप्त्याहप्त्याने कापावी लागेल. सरकारी वस्तू आहे," ते म्हणाले. मी मान हलवली. नोकरी राहिली होती.

त्या झाडाचं बी लावलं. रोपं वाढली, फळं धरली, पुन्हा नळ्या मांडल्या. आता नवं घड्याळ होतं, तरी मी मनात पाढा म्हणतच होते. एका लेकीच्या चिकाने आईपेक्षाही लवकर दूध फाडलं. बे साते चौदापर्यंतसुद्धा मी पोचले नव्हते. मी आपणहून ओरडले, "साहेब, हे पाहा!" एवढ्या लोकांत कोणी न सांगता निघालेला माझा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

त्याच महिन्यात पगार घेताना बाबूने माझ्या नावापुढे कपातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "घड्याळाचा शेवटचा हप्ता मागच्याच महिन्यात गेला. फिटलं सगळं, बाई." मी सही केली आणि पूर्ण पगार पदरात बांधला.