सामानापाशीचं माणूस

थीम पार्कात संध्याकाळी रंगीत कारंज्यांचा शो असतो. त्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवर, अगदी पुढे, एक आजी भर उन्हात बसल्या होत्या. शेजारी एसटीत टाकतात तसे चार रुमाल पसरलेले, आणि पायाशी बॅगांचा ढीग.

"मुलानं सगळं ठरवून आणलंय," त्या मला कौतुकानं म्हणाल्या. "गर्दी कधी कमी, रांग कुठली आधी धरायची, सगळं. जागा तेवढी मी राखायची."

माझं डोकंच फिरलं. सहल कुठलीही असो, आपल्याकडे घरातलं एक माणूस कायम सामानापाशी असतं, आणि ते कोण हे कुणाला ठरवावंही लागत नाही! एवढी बारीक आखणी करणाऱ्याला आईला एकदा पाळण्यात बसवावं, हे सुचू नये?

अंधार पडता पडता मंडळी ओल्या केसांनी हसत आली. रुमाल बाजूला सारून चौघं ऐसपैस बसली. कारंजी उडाली, तशी नातीनं विचारलं, "आजी, तू आज काय काय पाहिलंस?"

"तुमच्या बॅगा."

सगळे खो खो हसले. आजीही हसल्या, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.