सासऱ्यांना ‘अरे’ म्हणताना

लग्नानंतर दोन वर्षांनी, म्हणजे २०१६च्या हिवाळ्यात, सासऱ्यांनी मला टेनिसमध्ये पार्टनर करून घेतलं. त्यांची घोलवडला चिकूची वाडी, आम्ही राहायला मसोलीत आणि माझी बँकेतली नोकरी तलासरीला. दर रविवारी सकाळी डहाणूच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्ही डबल्स खेळायचो आणि दर रविवारी हरायचो.

समोर असायचे तलासरीचे शिक्षक नवरा-बायको. दोघं खेळताना सतत भांडत.

“माझा होता तो!”

“मग घ्यायचास ना! झोपला होतास का?”

आमच्याकडे मात्र अदब. सासरे सर्व्ह करायचे तेव्हा मी नेटजवळ उभं राहायला हवं. पण सासऱ्यांकडे पाठ कशी करायची? मी तिरका उभा राहायचो, एक डोळा त्यांच्यावर ठेवून. परिणामी त्यांची सर्व्ह एकदा माझ्या कानावर आली. “लागलं का हो, जावईबापू?” त्यांनी विचारलं. “छे छे, छान होती,” मी म्हणालो.

बॉल दोघांच्या मधून आला की मी म्हणायचो, “घ्या बाबा.” ते म्हणायचे, “नाही नाही, तुम्ही घ्या.” बॉल तोवर जाळीच्या कुंपणाला लागलेला असायचा.

एका रविवारी त्या बाईंनाच आमची दया आली. “काका, सर्व्ह करून तुम्ही मागेच का थांबता? हे पुढे, तुम्ही मागे, मध्ये एवढी जागा की टेम्पो जाईल. तुम्हीही लगेच नेटवर या. दोघं एका रेषेत सरका. आणि बोला हो! ओरडून बोला!”

परतताना गाडीत, सरावली गाव मागे पडल्यावर सासरे म्हणाले, “कोर्टवर तुम्ही मला ‘अरे’ म्हणायचं.”

“बाबा, जमणार नाही.”

“‘अहो बाबा, जरा मागे जाता का’ म्हणेपर्यंत पॉइंट जातो. ‘अरे मागे’ म्हटलं की संपलं.”

पहिल्या रविवारी माझ्या तोंडून नुसतं “अ...” निघालं. दुसऱ्या रविवारी सासऱ्यांनीच सुरुवात केली. “अरे गाढवा, सरक!” मला इतकं मोकळं वाटलं की सांगता येत नाही. मग मीही सुटलो.

आणि नेमकं त्यानंतरच्या रविवारी सासूबाई आणि बायको सामना बघायला आल्या.

आम्ही दोघं नेटवर भिंतीसारखे उभे होतो. शेवटचा पॉइंट. बाईंनी आमच्या डोक्यावरून उंच लॉब टाकला. “मागे पळ रे!” मी ओरडलो. सासरे धोतर सावरायच्या सवयीने हाफपँट सावरत धावले आणि बॉल कसाबसा परत टाकला. समोरून आलेला बॉल अगदी मधे उंच उडाला. सासऱ्यांनी रॅकेट उचलली. “सोड! माझा आहे! हो बाजूला!” मी तो असा हाणला की आम्ही जिंकलो.

टाळ्या फक्त हरलेल्यांनी वाजवल्या. बायकोने कपाळाला हात लावला होता. सासूबाई बाकावरून उठून सरळ गाडीकडे गेल्या.

घरी चहा आपटतच आला. शेवटी सासरेच म्हणाले, “अगं, मीच सांगितलं होतं त्यांना. खेळात तसं बोलावं लागतं.”

“पार्टनरला?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“काहीही बोललेलं चालतं?”

“कोर्टवर चालतं.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “मग मलाही शिकवा. लग्न झाल्यापासून मला तुम्हाला एकदा ‘अरे’ म्हणायचंय.”

आम्हाला ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी त्या पंजाबी ड्रेस आणि नवे बूट घालून हजर. बाईंनी त्यांना नेटजवळ उभं केलं, रॅकेट छातीसमोर धरायला शिकवलं. सासऱ्यांनी सर्व्ह केली आणि सवयीने मागेच थांबले.

“अरे ये ना पुढे!” सासूबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

सासरे धावत आले. त्या पॉइंटनंतर माझी जागा गेली ती गेलीच. तलासरीहून बदली होईपर्यंत मी बाकावर बायकोशेजारी बसून स्कोअर सांगत राहिलो.