पखवाजाची डावी बाजू

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल वाकडं बोललेलं मला खपत नाही. व्हॉल्व्हचा आहे, स्वतःच्या हातानं जोडलाय. चिकलठाण्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढला, ते सगळं कसब त्यात ओतलंय. सुरू केला की तापायला वेळ घेतो. बायको म्हणते, चहाचं आधण त्याच्यावरच ठेवत जा, गॅस तरी वाचेल. म्हणू दे.

पण तो मी माझ्या हौशीसाठी केला नव्हता, वडलांसाठी केला होता. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गावाकडं भजनात पखवाज वाजवायचे. म्हातारपणी ते आमच्याकडं पुंडलिकनगरला आले, तेव्हा कान जवळजवळ गेलेच होते. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, खर्ज तेवढा उरलाय, तोही किती दिवस सांगता येत नाही. म्हणजे टाळ गेले, सुनेची बोलणी गेली (हे एक बरं झालं, असं दादाच म्हणाले), पण पखवाजाची कणीक लावलेली, खर्जात घुमणारी डावी बाजू अजून पोचत होती. त्यांच्याच भजनाची एक जुनी कॅसेट होती. रोज सकाळी दोन स्पीकरच्या मधोमध खुर्ची टाकून ते ती ऐकायचे. तेवढा अर्धा तास त्यांचा चेहरा जागा असायचा.

दसरा झाला आणि बेस गेला. टाळ वाजत होते, गाणारे गात होते, पण खालचं अंगच नाही. नुसती पिपाणी. दादांसाठी एवढा एकच आवाज उरलेला, आणि नेमका तोच गायब!

आमच्या गल्लीत एक निवृत्त प्राध्यापक होते. विषय इतिहास, अधिकार सगळ्यावर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "ध्वनीला बैठक नाही." बैठक म्हणून मी स्पीकरखाली शहाबादी फरश्या घातल्या. मग ते म्हणाले, खोली घुमते. भिंतीवर वाकळ टांगली. येणारा-जाणारा विचारायचा, वाळत घातली का? मग स्पीकर कोपऱ्यात सरकले आणि कोपऱ्यातली ज्वारीची कोठी न्हाणीच्या दारात गेली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. व्हॉल्व्ह बदलले. ट्रान्सफॉर्मर असा दणकट आणला की टेबलाचा पाय कलला.

दर उपायानंतर मी दादांच्या कानाशी ओरडायचो, "दादा, आता?"

दादा मान हलवायचे. "व्हय. लई छान झालं."

प्राध्यापक माझ्याकडं असं बघायचे, जणू कारखाना त्यांनीच चालवला होता. माझ्या कानाला काडीचा फरक वाटत नव्हता, पण दादा म्हणतात म्हटल्यावर मी कोण? पुढच्या उपायाला लागायचो.

माघ लागला तेव्हा प्राध्यापक म्हणाले, सगळे सांधे स्पिरिटनं पुसून काढा. पुसायला बसलो. एका स्पीकरच्या मागं वायर जोडायच्या दोन खिळ्या, एक लाल, एक काळी; त्यातल्या लाल खिळीवर फडकं फिरवलं, तर फडकं लाल, आणि खाली खिळी काळी कुळकुळीत.

"अगं ए, हे काय आहे?"

"कुंकू. खंडेनवमीचं," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही गेलात कारखान्यातल्या मशीनची पूजा करायला. घरचं हत्यार कुणी पुजायचं? एकाला समोरून लावलं. दुसऱ्याचं तोंड भिंतीकडं होतं, त्याला मागून लावलं. लालवर दिसंना, म्हणून काळ्यावर."

पूजेसाठी सोडवलेल्या वायरी संध्याकाळी मीच परत जोडल्या होत्या, चष्मा न लावता, लाल दिसेल तिथं लाल. खरी लाल खिळी कधीच विटून मळकट तांबडी झालेली, ताज्या कुंकवापुढं काळीच वाटली. मग काय, त्या स्पीकरच्या वायरी उलट्या: एक स्पीकर हवा पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय, आणि मधोमध, बरोब्बर दादांच्या खुर्चीत, खर्जाचा फडशा. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मीच शिकवायचो की जोडण्याआधी तपासून बघ.

"मग चूक कुंकवाची का चष्म्याची?" बायकोनं विचारलं. मी चष्मा शोधायला लागलो. प्राध्यापक म्हणाले, "मी बैठक म्हणालो होतोच."

वायरी बदलल्या, स्पीकर आणि खुर्ची जुन्या जागी ठेवली, कॅसेट लावली. दादांनी सवयीप्रमाणं आधीच मान हलवायला सुरुवात केली होती. मग पखवाजाची थाप पडली आणि त्यांची मान थांबली. डावा तळवा मांडीवरून उचलला गेला, खाली आला, परत उचलला गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने ते मान हलवत होते, हात एकदाही हलला नव्हता. आणि मी गाढव, मान बघून फरश्या आणत होतो.

"दादा, इतके दिवस ऐकू येत नव्हतं?" मी ओरडलो.

"नाय," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मला वाटलं, माझेच कान गेले. तू एवढा खपत होतास, तुला कसं सांगू? आता गप बस. ऐकू दे."