कच्चा माल

लढाईच्या दिवसांत आमच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातला एक फिटर जेवणाच्या सुट्टीत एकच गोष्ट घोळवायचा. स्वीडन जर्मनीला लोखंड देतं, जर्मनी स्वीडनला कोळसा देते. "दोस्ती काहून पाहिजे, भैया? माल चालू राहिला म्हणजे झालं."

बायकोशी त्याचा कायम अबोला, तरी डबा रोज यायचा. एकदा घरातला कोळसा संपला. बोलायचंच नसल्यामुळे तिने तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात कच्च्या कणकेचा गोळा आणि अख्खं वांगं निघालं.

आम्ही हसू दाबलं. त्याने गोळ्यात बोट खुपसून पाहिलं. "स्वीडनचा कोळसा संपला वाटते," म्हणाला.

संध्याकाळी तो डोक्यावर कोळशाचं पोतं घेऊन घराकडे निघालेला दिसला.

"काय, बोलणी सुरू झाली?"

"बोलणी कायची जी? सध्या नुसती निर्यात."