लिफ्टरची बोली

व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर म्हणजे नेटजवळ उभा राहून स्मॅशरला बॉल उचलून देणारा. बॉल नीट गेला तर टाळ्या स्मॅशरला. चुकला तर सगळ्या गावाला लिफ्टर दिसतो. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून मी हेच करत आलोय. यवतमाळकडून निघालो आणि फिरत फिरत सिरसाळ्यात येऊन टेकलो. इथल्या आडत दुकानाच्या मालकांना, आप्पांना, टीम पोसायची हौस. दिवसा दुकानात पोती उतरवायची, जत्रांचे सामने लागले की खेळायचं. झोपायला दुकानामागची खोली. जेवणाचं ताट आप्पांच्या घरून यायचं आणि भाकरीवर तूप असायचं. परक्या माणसाला कोण तूप वाढतं? म्हणूनच भीती वाटायची. एक मोठा सामना घालवला की हे ताट बंद, असं जेवताना रोज मनात यायचं.

जुना स्मॅशर लग्न होऊन बायकोसोबत ऊसतोडीला गेला. त्याच्या जागी नेकनूरचा नवा आला. हात जबर, पण आमची ओळख आठवड्याचीही नव्हती.

उमापूरच्या जत्रेत सेमी फायनलला शेवटचा पॉइंट चालू होता. बॉल माझ्याकडे आला. मी ओरडलो, "सोडून राहिलो!" आमच्या यवतमाळकडे याचा अर्थ सरळ आहे : सोडतोय, घे. जुन्याला सवय होती. नवा उडीसाठी वाकला आणि तसाच थांबला. बॉल त्याच्या पुढ्यात मातीत पडला. सामना गेला.

"का सोडला रं?" आमच्यातलाच एक त्याच्यावर धावला.

"ह्योच म्हनला की, सोड, ऱ्हाऊ दे म्हून!" नव्याने माझ्याकडे बोट केलं.

माईकवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. "आप्पा, लिफ्टर लई लांबून आणलाय! संगं दुभाष्या बी आणायचा ना!"

मैदान हसलं. मीही हसलो असेन. तोंड तसं झालं होतं खरं.

परतताना मी टेम्पोत मागच्या फळीवर बसलो. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. खोलीत आल्यावर पायाला लागलेली मैदानावरच्या रेघांची चुन्याची फक्की धुतली, कपडे पिशवीत भरले. वाईट वाटायला हवं होतं. वाट पाहिली, काही वाटलं नाही. झोप लागली.

सकाळी ताट आलं नाही. आप्पाच आले. पिशवीकडे बघत दारात उभे राहिले.

"कुठं निघालास?"

"तुम्ही सांगाल तिकडं."

"मी कशाला सांगू? आज महाशिवरात्र हाय, घरात समद्यांचा उपास. चूल पेटली न्हाई. चल, हाटेलात खा काहीतरी."

हॉटेलात मी भजी खाल्ली, त्यांनी नुसता चहा घेतला. मग म्हणाले, "आता खेळताना तोंड उघडायचं न्हाई. बॉल देताना नुसता 'टॉक' असा आवाज काढ जिभेनं. तुझं ते राहिलो-बिहिलो बंद."

तसंच करतो. नव्याला आवाज बरोबर कळतो, बॉल जागेवर बसतो, लोक त्याला खांद्यावर घेतात. मैदानात मी बोलत नाही, आणि आता दुकानातही फारसं सुचत नाही. हमालांना वाटतं, मला गर्व चढलाय.

मोसम संपला तेव्हा पोत्यांच्या थप्पीपाशी आप्पांनी विचारलं, "पुढच्या साली हायेस ना?"

मी लगेच मान डोलावली. उत्तराला उशीर झाला तर ते दुसरा बघतील असं वाटलं.