बापानं मिळवलेला ऐतवार

माझ्या बापाच्या पायात मी वहाणा पाहिल्या त्या तो उतारवयाला लागल्यावर. त्याच्या आधी अकरा वर्षं तो अनवाणी चालला, अन् ते गरिबीनं न्हाई. ते त्यानं ठरवून केलं. ही गोष्ट मी पोरांना सांगितली, नातवंडांना सांगितली, आता लिहून ठेवतो. मी तिसरी शिकलेला माणूस. बायबल अजूनबी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. पण वाचतो. लिहायचं म्हणलं की सरकी टोबल्यासारखं एकेक अक्षर टोबत जावं लागतं. उगवेल तेवढं उगवेल.

बाप आमच्या गावातल्या मोठ्या घरी सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं. वर्षाची ज्वारी, दोन धोतरं, एक घोंगडं अन् वहाणांचा जोड. ज्या साली बापानं प्रभूला मानलं त्या साली पाडव्याला तो मालकापुढं उभा राहिला अन् म्हणाला, "मालक, ऐतवारी मी औत धरणार न्हाई. चर्चला जाणार."

मालक हसले. "बैलाला ऐतवार कळतो का रे?"

"बैलाला वैरण टाकून जाईन, शेण काढून जाईन. पण औत धरणार न्हाई."

मालकांना वाटलं, गड्याचं डोकं आज फिरलंय, उद्या बराबर होईल. म्हणाले, "मंग घोंगडं अन् वहाणा सोड."

बापानं जोड उचलला अन् त्यांच्या पुढ्यात ठेवला. घोंगडं घडी करून त्याच्यावर ठेवलं. मी तवा बापाच्या धोतराला धरून उभा होतो. तिथून पुढं दर ऐतवारी बाप तीन कोस अनवाणी चर्चला जायचा अन् तीन कोस परत यायचा. उन्हाळ्यात पायाला पळसाची पानं बांधायचा. मालकांनी पुन्हा कधी वहाणा देऊ केल्या न्हाईत, अन् बापानं मागितल्या न्हाईत. दोघंबी माझ्यासारखेच हट्टी.

म्हणून मी जन्मात ऐतवारी औत धरलं न्हाई, एक ऐतवार सोडला तर. पुढं बापानं अन् मी मिळून पाच एकर रान केलं, ते कसं केलं ते सांगत बसत न्हाई. त्या रानातबी ऐतवारी पेरणीची तिफण गेली न्हाई, वखर गेला न्हाई. गाव हसायचं. हसू द्या.

हा ऐतवार माझ्या कामी आला. माझा थोरला पोरगा तापानं गेला तो शुक्रवारी. ऐतवारी दोघांनी दंडाला धरून मला चर्चला नेलं. गाणं म्हणता आलं न्हाई. पुस्तक मी उलटं धरलं होतं, असं माझी बायको सांगते. मी देवाला विचारायला गेल्तो, का म्हणून. त्यानं सांगितलं न्हाई. आजपर्यंत सांगितलं न्हाई. पण उपासना संपल्यावर मी उठलो अन् कुणाचा हात न धरता घरी चालत आलो. जाताना दोघं लागले होते, येताना एकबी न्हाई. ज्याला यातलं काही कळत न्हाई त्याला मी एवढंच सांगतो.

आता दोन सालामागची गोष्ट. ज्वारी पेरायचे दिवस. पाऊस शुक्रवारी उघडला. शनवारी दुपारी मी अन् माझी बायको रानात गेलो. मातीचा गोळा केला तर हाताला चिकटून राह्यला होता. औत घातलं असतं तर फण चिखलानं भरून आले असते.

बायको म्हणाली, "उद्या वापसा येतोय, माती पेरण्याजोगी होतीय."

"येऊ दे. परवा पेरू."

"वारं सुटलंय, दिसत न्हाई का? वरची पट्टी मुरमाड. परवापर्यंत तिथं ओल राहील का?"

"ज्यानं ओल दिली तो राखील."

"खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथ दिवशी काढायला चालतो, असं प्रभूनंच म्हणलंय ना?"

बायको सातवी शिकलेली. वचनं तिच्या ओठावर असतात अन् बराबर माझ्या अंगावर टाकायला ठेवलेली असतात.

"आपलं रान खड्ड्यात पडलं न्हाई," मी म्हणालो अन् घराकडं चालायला लागलो.

ऐतवारी आम्ही चर्चला जाऊन आलो. वाटेत दोन्ही अंगाला तिफणी चालू होत्या, ट्रॅक्टर चालू होते. वापसा आल्ता. मातीचा वास यायला लागला की शेतकऱ्याचे हात खाजवतात. मी हात खिशात घातले.

दारात आलो तर ओट्यावर मोठ्या घरची वैनी बसलेली. मालकांची सून. ती या गावात नवी नवरी म्हणून आली तवा माझा बाप त्यांच्याकडं औत धरत होता. आता मालक न्हाईत, तिचा नवरा न्हाई, रान वाटण्या होऊन चार एकरावर आलंय. एकुलता एक पोरगा मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडून खाटेवर. सत्तरी उलटलेली बाई, कधी कुणाच्या ओट्यावर बसलेली मी पाहिली नव्हती.

बायकोनं पाणी दिलं. वैनी पाणी प्याली अन् म्हणाली, "भाऊ, ट्रॅक्टरवाला बुधवार म्हणतोय. माझं रान सगळं हलकं. उद्या सकाळी तिथं धूळ उडल. दोन म्हशी हायेत, कडबा झाला न्हाई तर त्या विकाव्या लागतील. त्याच्यावरच घर चाललंय सध्या."

मी तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला.

"गावात मोकळी बैलजोडी तुझीच हाय."

"वैनी, आज ऐतवार हाय."

"ठावं हाय. तुझ्या बापाचा ऐतवार मला कुणी सांगायची गरज न्हाई. त्या वहाणा सासऱ्यांनी मलाच आत ठेवायला सांगितल्या होत्या." ती उठली. "विचारून बघितलं. येते मी."

खोटं कशाला लिहू. ती पाठमोरी गेली तवा माझ्या काळजात पयल्यांदा आनंद झाला. ज्या घरानं माझ्या बापाच्या पायातल्या वहाणा काढल्या, ते घर माझ्या ओट्यावर येऊन माझ्या बैलाची वाट बघून गेलं. बापाला दिसत असेल तर बरं, असं वाटलं. असा विचार मी चर्चमधून आल्यावर पाव घंट्यात केला, एवढं माझं ख्रिस्तीपण.

जेवायला बसलो. भाकरी मोडली अन् तशीच हातात राहिली.

वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट मला पाठ हाय. शब्बाथ दिवस, सभास्थान भरलेलं, सगळे टपून बसलेले. प्रभू एक दिवस थांबला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्या माणसाचा हात कित्येक वर्षांचा वाळलेला, अजून एका दिवसानं काय झालं असतं? पण प्रभू थांबला न्हाई. हे मला इतके दिवस कळलं नव्हतं असं न्हाई. कळलं होतं. फक्त वाळलेला हात घेऊन कुणी माझ्या दारात आलं नव्हतं. अन् आलं ते नेमकं त्या घरातून.

मी ताटावरून उठलो. बैल सोडले, जू काढलं, तिफण खांद्यावर घेतली.

बायको दारात आली. "कुठं?"

"वैनीच्या रानात."

तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे आपल्या रानाला ऐतवार अन् त्यांच्या रानाला सोमवार?"

"माझ्यासाठी औत धरलं तर ते काम. दुसऱ्यासाठी धरलं तर..."

"तर काय?"

मी खांद्यावरची तिफण सारखी केली. "आल्यावर सांगतो," म्हणालो.

"बैल एकच जोडी हाय, एवढं ध्यानात ठेवा. त्यांना काय ऐतवार-सोमवार कळत न्हाई," ती म्हणाली. मालकांचंच बोलणं झालं ते. मी बैल पुढं घातले.

वैनीनं मला येताना पाहिलं. सुनेला हाक मारली, "बियाणं आण." सून तिफणीच्या मागं चाड्याच्या वाटीत बी सोडत राहिली, मी रुमण्याची मूठ दाबत राहिलो. सत्तरीतला माणूस मी, पण तिफण सरळ चालली. बांधावरून गावातला एक जण ओरडला, "काय बाबा, आज कॅलेंडर फाटलं का?"

"तुझं रान पेरून न्हाई राह्यलो. चल, निघ," मी म्हणालो.

दुसरा म्हणाला, "बाबाचा देव सुट्टीवर गेला वाटतं."

"आज तोच पुढं चाललाय, मी मागून येऊन राह्यलो," मी म्हणालो. ते बोलून गेलो अन् मलाच ते खरं वाटलं. बैल कसे चालत होते ते पाहायला पायजे होतं. दिवस बुडायच्या आत चारी एकर झालं.

वैनीनं पदराची गाठ सोडायला घेतली. मी म्हणालो, "काही देऊ नका. हे काम न्हाई. काम असतं तर मी आलोच नसतो." तिनं गाठ तशीच ठेवली.

सोमवारी उजाडताच आमच्या रानात गेलो अन् आदल्या दिवसाची किंमत दिसली. डावा बैल पाय ओढत चालत होता. बैलापुढं कुणी दोर धरून चालल्याशिवाय जोडी हलेना. बायको पुढं झाली, तर मागं बी कोण सोडणार? मी तिफण धरून उभा, ती दोर धरून उभी.

"वरून धरा," ती म्हणाली. "वरची पट्टी आधी घ्या. खालची काळी माती उद्याबी ओली राहील."

"बाप खालूनच धरायचा. विहिरीपासून."

"बापाच्या बैलांनी आदल्या दिवशी चार एकर पेरलेलं नसायचं."

"खालूनच," मी म्हणालो. हे लिहिताना मला कुणी आडवं येत न्हाई म्हणून खरं लिहितो. तिचं बराबर होतं. पण तोंडातून एकदा शब्द गेला की तो मला परत घेता येत न्हाई.

तेवढ्यात बांधावर वैनी दिसली. कमरेला पदराची ओटी बांधलेली, बियाण्यासाठी. "काल घरी गेले अन् ध्यानात आलं, तुझं पेरायचं राह्यलंय," ती म्हणाली. "सून पोराजवळ हाय. बी मी सोडते."

"वैनी, तुमच्यानं होईल का?"

"तू औत धर. माझं मी बघते."

तिनं चपला काढून बांधावर ठेवल्या. मोठ्या घरची बाई माझ्या तिफणीमागं अनवाणी चालायला लागली. पयल्या दोन ओळींना तिची मूठ कमीजास्त व्हायची, मंग बी सारखं पडायला लागलं.  फक्त बैलांचा अन् फणांचा आवाज.

अर्ध्या रानात आलो तवा ती मागून म्हणाली, "ढेकळं लई बोचून राह्यलीत रे भाऊ."

"बोचतात, वैनी. सवय लागते."

रानाच्या टोकाला औत वळलं. मंग ती म्हणाली, "अकरा वर्षं," अन् पुढचं बी सोडलं. मी मागं वळून बघितलं न्हाई. औत धरल्यावर मागं बघायचं नसतं.

दुपार कलली तवा डावा बैल बसला. उठेना. साडेतीन एकर झालं होतं. मंगळवारी तिफण घेऊन वरच्या पट्टीत गेलो तर बायकोनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरून दाखवली. वर धूळ, खाली धूळ. दीड एकर तसंच राहिलं.

पुढच्या ऐतवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. वैनीचं, बापाचं, बैलाचं. लोकांनी हालेलुया म्हणलं. मला जोर आला. मी म्हणालो, "अन् ती वरची दीड एकराची पट्टी मी प्रभूसाठी रिकामी सोडली."

बायकांच्या बाजूनं माझी बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "प्रभूचं नाव घेऊ नका. वरून धरा म्हणलं होतं मी."

अख्खं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडासमोर धरलं. मी खाली बसलो.

तिचंच खरं. देवानं मागितला तो माझा एक दिवस अन् माझा अहंकार. दीड एकर त्यानं मागितलं नव्हतं, ते माझ्या हट्टानं गेलं. बाकीच्या साडेतीन एकरात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. वैनीच्या रानातबी चांगली आली, म्हशी तिच्या दारात राहिल्या, पोरगा काठी टेकत चालायला लागला. आमच्याकडं त्या साली ज्वारी थोडी कमी पडली. उपाशी कुणी राहिलं न्हाई.

धाकटा पोरगा जालन्याहून येतो अन् म्हणतो, "बैल विका आता." मी विकत न्हाई. ट्रॅक्टरवाला बुधवार म्हणाला तर अडलेल्याला यायला एक दार गावात उघडं असावं.

माझ्या रानात आजबी ऐतवारी औत जात न्हाई. अन् सोमवारी जातं तवा मी वरून धरतो.